मंत्र पुरा होईपर्यंत

मिलिंद गेम खेळून खेळून मेला नाही. हे आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचं बोलायला मी मोकळी. पुण्यानुमोदनाच्या दिवशी, म्हणजे बौद्ध रीतीच्या शोकसभेला, मांडवात दोघा-तिघांनी मला गाठून हळहळत हेच ऐकवलं. एका पाहुण्यांनी तर माइक हातात घेऊन आजकालच्या मुलांना स्क्रीनचं वेड कसं घातक आहे यावर चार शब्द सुनावले, आणि मी पुढच्या सतरंजीवर दात-ओठ खात बसून राहिले. बेचाळीस वर्षांचा माणूस. दारू नाही, तंबाखू नाही, रोज सकाळी रंकाळ्यावर चालायला जाणारा... हृदय बंद पडलं, बस्स. त्याला मुलांचं उदाहरण म्हणून वापरू नका. गेम तो खेळायचा हे खरं, पण त्याहून मोठं खरं हे की तो गेम बनवायचा, आणि जगातल्या तमाम गेमवाल्यांशी त्याचं एका मुद्द्यावरून वीस-बावीस वर्षं भांडण चालू होतं. मिलिंद गेला म्हणजे भांडणही मिटलं, असं ज्यांना वाटतंय त्यांच्यासाठी मी लिहायला बसले आहे.

गेला त्या मंगळवारी सकाळी तो वारणानगरला वडिलांकडे निघाला होता. उद्यमनगरात एका लेथच्या कारखान्याच्या माडीवर आमची कामाची खोली आहे. तिच्या दारातून वळून तो म्हणाला, "उज्जे, त्या बेंगळुरूच्या कंपनीवाल्यास्नी आज काय बी पाठवू नगंस. मी आलो की बोलू." मी कीबोर्डवरून मान वर न करता "बरं बरं, जा" म्हटलं. अकराच्या सुमाराला त्याच्याच नंबरवरून फोन आला, आवाज मात्र भलताच. "ताई, ह्या फोनवाल्या पावण्यांचं तुम्ही कोण?" पेठ वडगावात चहाच्या गाड्यावर बसल्या बसल्या तो कलंडला होता, आणि त्याच्या फोनवर शेवटचा नंबर माझा होता. कोण म्हणून सांगू? मी म्हटलं, "पार्टनर हाय मी त्याचा. काय झालं?" पलीकडे त्या गाडीवाल्यानं फोन दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात दिला... आणि त्यातच मला कळायचं ते कळलं.

आमची ओळख वारणानगरची. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला प्रॅक्टिकलच्या एकाच गटात पडलो. मी कागलकडच्या शेतकऱ्याच्या घरातली, घरी म्हशी आणि ऊस. तो तिथलाच, साखर कारखान्याच्या कामगार वसाहतीतला, बौद्ध घरातला. आई लहानपणीच गेलेली, घरी तो आणि वडील, दोघंच. पहिल्याच आठवड्यात बाहेरगावच्या एका सरांनी मला उशिराचं कारण विचारलं आणि मी आमच्या पद्धतीनं सांगितलं, "सर, मी लवकरच आलतो, पण गाडी चुकली." आमच्याकडे पोरीसुद्धा पोरांसारखंच 'आलतो-गेलतो' बोलतात. सर हसले, वर्ग हसला, माझे कान लाल झाले. तेवढ्यात मागून हा उठला. "सर, ती काय म्हणाली ते तुमाला कळलं न्हवं? मग झालं की. हसायचं काय त्यात?" सरांनी दोघांनाही बाहेर काढलं. बाहेर आल्यावर मी त्याला झापलं, "तुला कुणी सांगितलंतं मधे पडायला?" तर म्हणतो, "कुणी न्हाय. मला ऱ्हावलं न्हाय." सगळा जन्म त्याला राहवलं नाही.

हॉस्टेलवरच्या एका मित्राकडे कॉम्प्युटर होता आणि त्यावर एक परदेशी गेम. ज्यांनी असले खेळ पाहिलेच नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. चार-पाच जणांची टोळी असते, गुहा-किल्ले पालथे घालायचे, राक्षस मारायचे. टोळीत कोण कुठल्या प्रकारचा हे आपण ठरवायचं. एक असतो फायटर. ढाल-तलवारीचा, पुढं होऊन मार खाणारा. दुसरा मांत्रिक. मागं उभा राहून मंत्र म्हणायचा की आग, वीज, काय हवं ते. सुरुवातीला मांत्रिक अगदीच पाप्याचं पितर असतो. उंदीर चावला तरी मरतो, दिवसातून एक मंत्र येतो. फायटर त्याला जिवापाड सांभाळतो. आणि मग निम्मा खेळ झाला की गंमत सुरू होते. मांत्रिक उडायला लागतो, भिंतीतून जातो, मेलेल्याला उठवतो, एका मंत्रात सैन्य झोपवतो. फायटर काय करतो? आधी तलवार मारायचा, आता जरा जोरात तलवार मारतो. बस्स. बंद दार आलं की मांत्रिकाकडे बघत उभा.

मिलिंद हे पहिल्यांदा खेळला तेव्हा मी शेजारी होते. पंधरा दिवस त्यानं आपला फायटर लाडानं वाढवला होता. एका संध्याकाळी टोळी दरीच्या काठाला आली, मांत्रिकानं चौघांना उचलून पलीकडं नेलं, पलीकडच्या सगळ्यांना जाळलं, आणि फायटरनं खाली पडलेलं सामान गोळा केलं. मिलिंदनं माउस सोडला. "आयला! निम्म्या वाटेपत्तूर ह्येनंच त्याला खांद्यावर आणला, आन आता ह्योच त्याचा हमाल?" मी म्हटलं, "अरे मग मांत्रिक घे की तू बी. सोपं हाय." त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याचा खिसा कापला. "मी कशाला घिऊ? मी खेळ बदला म्हणतोय, उज्जे. माझी जागा बदला म्हणत न्हाय."

पुढं एकदा मी खोदून विचारलं, हे एवढं का लागतं तुला, शेवटी खेळच आहे ना. त्यानं हातातला चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, "माझ्या पणज्याच्या कानावर मंत्र पडायची बी सोय न्हवती. आता मला मंत्र बी मिळतोय, कॉम्प्युटर बी मिळतोय. मग गपगुमान मांत्रिक हुयाचं, का इचारायचं, की ज्याला मंत्र येत न्हाय त्याचं मोल कमी, हे ठरीवलं कुणी?" माझ्या घरात असा प्रश्न कधी कुणाला पडलाच नव्हता, पडायचं कारणच नव्हतं. त्यानं माझं तोंड बघितलं आणि हसला, "झालं भाषण. आणखी दोन चहा सांग." पण तो प्रश्न त्यानं सोडला नाही, आणि मलाही सोडू दिला नाही.

नोकऱ्या झाल्या, पुणं झालं, मी लग्न करून कोल्हापुरात आले, त्यानं लग्न केलं नाही. सहा-सात वर्षांपूर्वी एक दिवस तो बॅग घेऊन दारात. "राजीनामा दिऊन आलोय. आपला गेम काढायचा." मी म्हटलं, "डोकं ठिकाणावर हाय का?" तर म्हणे, "न्हाय. तुझं?" माझंही नव्हतं. उद्यमनगरातली ती माडी घेतली. खाली लेथ घुमतायत, वर आम्ही राक्षस काढतोय. किल्ला, त्याची तटबंदी, आणि दोनच माणसं: एक फायटर, एक मांत्रिक. दोघांनी मिळून खेळायचा खेळ. चित्रं त्यानं काढली, हिशोबाचं आणि कोडचं मी बघितलं. कुणाचा घाव किती लागतो, कुणाचा जीव किती, ह्या सगळ्या आकड्यांची मालकीण मी.

आणि तिथंच मी माती खाल्ली. मिलिंद आणि त्याचे वडील सोडून ती गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती, आता सांगते. गेम तयार होत आला तेव्हा तो पारखायला माणसं हवी होती. आम्ही लांब कशाला जातोय? खालच्या कारखान्यातले लेथवाले, आणि गल्लीच्या टोकाच्या तालमीतले पैलवान. महिनाभर त्यांनी खेळ खेळला, आणि मी वहीत आकडे मांडत गेले. आकडे ओरडून सांगत होते की फायटर फार भारी झालाय, मांत्रिक बिचारा जागोजाग मरतोय. मिलिंद त्या आठवड्यात वडिलांच्या निवृत्तीच्या कागदपत्रांसाठी गावाकडे होता. मी त्याला न विचारता फायटरची ताकद छाटली, मांत्रिकाची वाढवली, आणि बेंगळुरूच्या ज्या कंपनीला आमचा गेम बाजारात आणायचा होता, तिला ती प्रत पाठवून मोकळी झाले.

मिलिंद परत आला, त्यानं काय विचारलं असेल? आकडे नाही विचारले. तो सरळ तालमीत गेला आणि पैलवानांच्या शेजारी बसून खेळ बघितला. संध्याकाळी आला तो हसावं की रडावं अशा तोंडानं. झालं होतं असं, की आमच्या पैलवानांना मांत्रिक घेणंच कमीपणाचं वाटत होतं. "लांबनं जाळ फेकायचा? ह्यात कसला मर्दपणा?" आणि ज्याच्या वाट्याला जबरदस्तीनं मांत्रिक यायचा, तो एकही मंत्र खर्च करायचा नाही. का, तर म्हणे, "ऱ्हाऊ दे की राखून. म्होरं मोठा राक्षस यील, त्याला काढू." मोठा राक्षस येईपर्यंत हातातल्या काठीनंच लढायचं, आणि बारके राक्षसच त्याला लोळवायचे. सगळे मंत्र शिल्लक ठेवून मांत्रिक गेला! कोल्हापूर सोडून जगात असं कोण खेळत असेल सांगा. आणि मी त्या आकड्यांवर फायटरचे हात तोडून ठेवले होते.

"आकडं खोटं न्हाईत तुझं," मिलिंद म्हणाला. "पर खेळतंय कोण, ते बघितलंस का तू एकदा तरी?" मी चिडले. चूक आपली असली की मी जास्तच चिडते. म्हटलं, तू नव्हतास, तारीख जवळ आली होती, सगळं माझ्याच डोक्यावर. तो चप्पल घालून निघून गेला आणि आठ दिवस माडी चढला नाही. इतक्या वर्षांत आमचा अबोला तेवढा एकच. आठ दिवस मी त्या खोलीत एकटी बसून खालच्या लेथचा आवाज ऐकत होते. माफी मागायला फोन उचलायचे आणि ठेवायचे.

नवव्या दिवशी त्याचा फोन. "वारणानगरला ये. अण्णांची पाळी बघायला." अण्णा म्हणजे त्याचे वडील. साखर कारखान्यात पॅनमन होते, आणि त्यांच्या नोकरीचा तो शेवटचा हंगाम होता. उसाचा रस आटवून ज्या प्रचंड भांड्यात साखरेचा दाणा धरतात, त्याला पॅन म्हणतात, आणि त्याच्यापाशी उभा राहून तो सांभाळणारा पॅनमन. आत तो उकाडा, तो गोड वास, अंगाला चिकटणारी वाफ. मधूनमधून अण्णा पॅनमधला थेंबभर पाक काचेच्या पट्टीवर घ्यायचे, उजेडाला धरायचे, मग अंगठ्या-बोटात चोळून बघायचे. एकदा चोळलं, मान हलवली. पुन्हा थोड्या वेळानं चोळलं आणि एकदम हात वर करून ओरडले, "सोड रं!" पाक खाली सुटला. आम्ही अजून तिथंच उभे, तोवर वरच्या लॅबमधून कागद आला. त्यावर लिहिलं होतं की पाक सोडायला हरकत नाही.

बाहेर येऊन मिलिंद म्हणाला, "बघितलंस? आता सांग, अण्णा काय नुसता ताकदीचा माणूस हाय का? फायटरला आणखी चार आकडं वाढवून दे म्हणत न्हाय मी. त्याला अक्कल दे. मांत्रिकाला दहा गोष्टी येत्यात आन ह्याला एकच, हे मोडायचं हाय." मी त्या कारखान्याच्या फाटकात उभी राहून त्याची माफी मागितली. "मागितलीस? बरं झालं," म्हणाला, "आता कामाला लाग."

मग आम्ही जे काही केलं ते मला आयुष्यभर पुरेल. आमचा फायटर भिंतीला हात लावून सांगू लागला की ती कुठं पोकळ आहे. समोरच्याचा पाय कसा पडतो ते बघून तो कुठल्या बाजूनं येणार हे ओळखू लागला. गावातली माणसं मांत्रिकाला बघून दारं लावून घ्यायची, पण फायटरच्या हातावरचे घट्टे बघून त्याला आत घ्यायची. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे दार. मिलिंदचं म्हणणं असं, की मोठा मंत्र एका बोटाच्या दाबात होणार नाही. म्हणायला वेळ लागला पाहिजे, कीबोर्डवर एकेक अक्षर टिपत गेलं पाहिजे, चुकलं की पहिल्यापासून. आणि तेवढा वेळ कुणीतरी दारात उभं राहून बाहेरचं सगळं अंगावर घेतलं पाहिजे. "मंत्राचं नाव हुतंय," तो म्हणायचा, "पर मंत्र पुरा हुईस्तोवर दारात कोण हुतं, ते कोण लिहीत न्हाय. आपण लिहायचं." त्या दारात फायटर कुणाला मारून जिंकत नाही. तो फक्त कुणाला आत जाऊ देत नाही. आणि दोघांपैकी कुणीही एकटा त्या किल्ल्यातून जिवंत बाहेर पडत नाही.

बेंगळुरूच्या कंपनीला नवी प्रत पाठवली. पण मी आधी पाठवलेली ती छाटलेल्या फायटरची प्रत त्यांच्या डोक्यात पक्की बसली होती. व्हिडिओ कॉलवर त्यांचा प्रमुख अगदी गोड बोलला. चित्रं सुंदर, किल्ला सुंदर. फक्त दोन बदल. मंत्राला लागणारा वेळ काढून टाका, लोक कंटाळतात. आणि फायटरच्या नावाखाली लिहा, 'नवशिक्यांसाठी सोपा'. पहिली प्रत बघून त्यांच्या सगळ्या टीमचं हेच मत झालं होतं, असंही तो म्हणाला, आणि मी टेबलाखाली स्वतःच्या मांडीला चिमटा काढला. मिलिंदनं विचारलं, का? तो म्हणाला, "फायटर नवशिक्यांसाठीच असतो, जगभर असंच आहे." मिलिंद शांतपणे म्हणाला, "जगभर असंच आहे, म्हणून तर आम्ही वेगळा केला. तसाच पाहिजे असता तर जगात कमी होते का?" त्यांनी विचार करायला आठवडा दिला. त्या आठवड्यातला मंगळवार तो होता.

बाराव्या दिवशी कंपनीचं पत्र आलं. शोकसंदेश होता, खोटा नसावा. खाली लिहिलं होतं की दोन्ही बदलांना संमती द्यावी, म्हणजे गेम ठरल्या वेळेला बाहेर येईल, आणि पहिल्याच पडद्यावर मिलिंदचं नाव मोठ्या अक्षरात झळकेल. त्याच्या हिश्श्याचे वारस म्हणून अण्णांचीही सही लागणार होती, त्यांना वेगळी प्रत धाडली होती. मी 'नाही' टाइप केलं आणि बोट तिथंच थांबलं. मला नाही म्हणायचा काय अधिकार? फायटरचे हात आधी मीच तोडले होते. आणि आता हट्टानं एका म्हाताऱ्या बापाला त्याच्या मुलाचं झळकणारं नाव नाकारायचं? मी वारणानगरची वाट धरली. वाटेत पेठ वडगाव लागतं. गाडी थांबवली नाही... थांबवता आली नाही.

अण्णा ओसरीत बसले होते. समोर तो कागद, त्यावर पेन आडवं ठेवलेलं. बेंगळुरूहून फोनही येऊन गेला होता. "ये पोरी," म्हणाले. "नाव येनार म्हंत्यात माज्या पोराचं. पयल्यांदाच. मोठ्या अक्षरात." डोळे भरलेले. गप्प बसले असते तर सही झाली असती, आणि मला कुणी कधी बोल लावला नसता. पण मिलिंदला राहवलं नसतं. मी लॅपटॉप उघडला आणि अण्णांना सगळं सांगितलं. तो परदेशी गेम, फायटरचा हमाल कसा होतो ते, पैलवानांचे राखून ठेवलेले मंत्र, माझी चूक, आठ दिवसांचा अबोला, आणि ते दार. अण्णांनी एकदाही मधे तोंड घातलं नाही. मुलगा काय करतो हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं, त्यानंही कधी नीट सांगितलं नव्हतं. कॉम्प्युटरचं काम, एवढंच.

शेवटी त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "ह्यो दारात हुबा हाय, त्येच्या हाताला काय झालंय?"

मी वाकून बघितलं. फायटरच्या उजव्या मनगटापासून कोपरापर्यंत एक पुसट डाग होता. मी तो हजार वेळा बघितला असेल, चित्रातली सावली समजून. अण्णांनी सदऱ्याची बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत पाकानं भाजल्याचा जुना वण. मला मिलिंदचा राग आला, खरंच सांगते. एवढी वर्षं शेजारी बसून चित्र काढत होता, मला एका शब्दानं सांगितलं नाही.

"मी सही क्येली, तर ह्येचं काय हुतंय?" अण्णांनी विचारलं.

"राहतो तो, अण्णा. पण मंत्र लगेच होतो. मग दारात कुणी उभं राहायची गरज उरत नाही. नावाखाली लिहितात, नवशिक्यांसाठी."

"नवशिका?" अण्णा ताडकन उभे राहिले. साठी उलटलेला माणूस, पण आवाज अजून पॅनवरचाच. "चाळीस हंगाम हुबा हाय मी तितं! नवशिका म्हनं!" कागदाची चार वेळा घडी घालून त्यांनी ती माझ्या हातात कोंबली. "न्हाय म्हनून सांग त्यास्नी. तुज्या नावानं सांग, आन माज्या बी. पोराचं नाव घ्यायला मला त्यांचा पडदा लागत न्हाय."

सांगितलं. त्याच संध्याकाळी, दोन ओळींत. कंपनीनं करार मोडला, कायद्यानं तो त्यांचा हक्क होता. आता गेम आम्ही आमच्या हिमतीवर काढणार आहोत, अगदी आहे तसा, मंत्राच्या पुऱ्या वेळासकट. तो खपेल का? ठाऊक नाही. हजार जण खेळतील की दहा, कुणास ठाऊक. दोन-तीन जाणत्यांनी मला फोन करून समजावलं, की भावनेच्या भरात धंदा बुडवू नकोस, तो गेला, त्याला आता काय कळणार. त्यांना इथंच उत्तर देते. तो असताना मी त्याला न विचारता एकदा तडजोड केली होती. एकदा पुरे. आणि हो, फायटरच्या नावाखाली आम्ही काही एक लिहिणार नाही.

दर रविवारी दुपारी अण्णा आता एसटीनं कोल्हापूरला येतात. माडीचा जिना दमानं चढतात, मिलिंदच्या खुर्चीत बसतात, चष्मा पुसतात आणि कंट्रोलर मागतात. पहिल्या रविवारी दारात सतरा वेळा पडले. "परत लाव," एवढंच म्हणायचे. आता पडत नाहीत. त्यांना मारायची घाई नाही, समोरच्याचे पाय बघत राहतात. मांत्रिक मी होते, दुसरं कोण होणार? गेल्या रविवारी मोठ्या मंत्रापाशी आलो. बाहेरून सगळं सैन्य दारावर तुटून पडलेलं. मी अक्षरं टिपायला लागले, निम्म्यावर आले, आणि शेजारच्या खुर्चीवरचा तो वणाचा हात दिसला, पडद्यावरचा दिसला... आणि माझे डोळे असे भरून आले की पुढचं अक्षरच दिसेना. चुकले. सगळा मंत्र पुसला गेला, पहिल्यापासून म्हणायचा. मी कीबोर्डवरचे हात उचलून तोंडावर घेतले.

अण्णांनी पडद्यावरची नजर काढली नाही. "चुकलं व्हय?" म्हणाले. "चुकू दे. पयल्यापासनं म्हन निवांत. मी हाय की हितं दारात."

मी डोळे पुसले आणि पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं.